गावातला पाऊस, ओल आणि विहीर यांची नोंद: मापक कसा बसवायचा, आकडा कसा लिहायचा?

माणदेशी_वही

नमस्कार. माण तालुक्यातलं (जि. सातारा) आमचं गाव आणि वाड्या मिळून आठ ठिकाणी या मृगापासून पावसाची रोजची नोंद सुरू करतोय. महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र आमच्यापासून अकरा किलोमीटरवर, आणि मध्ये डोंगराची सोंड. वर्षाचा पाऊस पाचशे मिमीच्या आतबाहेर, त्यामुळे वीस मिमी इकडे पडला की तिकडे यावर बाजरी ठरते. एका वाडीत ताली (बांध घातलेली रानं) भरतात आणि दीड किलोमीटरवर धूळसुद्धा बसत नाही.

विचारायचं असं: शीतपेयाची बाटली कापून केलेला मापक चालेल का? गच्चीवर ठेवला तर काय बिघडतं? रात्री पडलेला पाऊस कुठल्या तारखेला लिहायचा? आणि नुसत्या पावसाच्या आकड्यातून दुष्काळ दिसत नाही, तर सोबत आणखी काय नोंदवावं? माणसं शेतकरी आहेत, रोज पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त काम सांगता येणार नाही.

पर्जन्यमापी

बाटली नको. तिचा तळ फुगीर, मध्ये कंबर, वर निमुळती. आत साचलेल्या पाण्याची उंची म्हणजे पडलेला पाऊस हे गणित भिंती सरळ असतील तरच बरोबर. शिवाय नऊ-दहा सेंटीमीटरच्या तोंडात पाणी इतकं थोडं येतं की पट्टीवर दोन मिमी कुठे आणि तीन कुठे हे दोन माणसं दोन तऱ्हेनं वाचतात.

त्याऐवजी असं करा. १६० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंटीमीटर लांबीचा तुकडा प्लंबरकडून घ्या. वरची कड बाहेरच्या बाजूनं कानशीनं तासून धारदार करा, आतली बाजू सरळच राहू द्या. कड जाड राहिली तर तिच्यावर पडलेला थेंब आत जाईल की बाहेर याचा भरवसा नसतो. पाइपच्या खालच्या तोंडात प्लास्टिकचं नरसाळं बसवून सांधा एम-सीलनं बुजवा. वीस लिटरच्या रंगाच्या बादलीच्या झाकणाला भोक पाडून हा तुकडा त्यात घट्ट बसवा, आणि नरसाळ्याची नळी आत ठेवलेल्या पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये सोडा. कॅन साबणानं दोन-तीनदा धुऊन घ्या. बादलीत दोन विटा ठेवा, नाहीतर भिजल्या मातीत रिकामी बादली वर उचलली जाते. बादली जमिनीत इतकी पुरा की पाइपची वरची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर येईल. हवामान खात्याच्या साध्या मापकाची उंची तीच असते. याहून खाली घेतलं तर जमिनीवरचे शिंतोडे आत येतात, वर नेलं तर वारा थेंब पळवतो. कड समपातळीत आहे का ते गवंड्याच्या पाणसळीनं दोन दिशांनी बघा.

आता खरी चूक जिथे होते ते. पाइपवर १६० लिहिलेलं असतं ते बाहेरचं माप. आतला व्यास जाडीप्रमाणे बदलतो, म्हणून तो स्वतः तीन दिशांनी मोजून सरासरी काढा. समजा १५.२ सेंटीमीटर आला. १५.२ × १५.२ × ०.७८५ म्हणजे १८१ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १८.१ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. तिथे १६ धरून बसलात तर २०.१ नं भागाल, आणि पडलेला ५० मिमी तुमच्या वहीत ४५ होईल. ही दहा टक्क्यांची चूक नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती रोज सारखीच असते.

पाणी मोजायला काचेच्या नळकांड्याची गरज नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्या. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. भरलेल्या कॅनचं वजन वजा कोरड्या कॅनचं वजन, भागिले १८.१. आठ जणांत तीन काटे पुरतील, आणि डोळ्यानं वाचण्याची चूक पूर्ण जाते.

बसवून झाल्यावर चाचणी घ्या: १८१ ग्रॅम पाणी सावकाश पाइपमध्ये ओता, दहा मिनिटांनी कॅनमधलं मोजा. साडेनऊ मिमीच्या खाली आलं तर सांधा गळतोय किंवा नरसाळ्यात खळगा पडून पाणी अडतंय. दर महिन्याला ही चाचणी करा.

साडेआठ

वरच्या उत्तरात जागेचं राहिलं, ते सांगतो.

मापकापासून घर, झाड, गोठा, जे काही असेल ते त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवं. चार मीटर उंच घर असेल तर आठ मीटर लांब. झाडाखालची जागा तर नकोच: पहिल्या सरीत पानं पाणी अडवतात आणि पाऊस थांबल्यावर अर्धा तास टपटपत राहतात. खळं, परसातला मोकळा तुकडा, शाळेचं मैदान चांगलं. फरशी किंवा सिमेंट कोब्यावर ठेवू नका, शिंतोडे लांबून येतात. शेळ्यांपासून राखायला काटेरी तार लावा, पण भिंत बांधू नका.

गच्चीवर कठड्यावरून वारा वर उसळतो आणि थेंब मापकाच्या तोंडावरून निघून जातात. आकडा बहुतेक वेळा कमीच येतो, आणि किती कमी ते वाऱ्यावर असतं, त्यामुळे नंतर दुरुस्तही करता येत नाही. एखाद्याकडे दुसरी जागाच नसेल तर गच्चीच्या मधोमध ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहा.

आता तारीख. देशभर पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आदल्या दिवशी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला सगळा पाऊस आजच्या तारखेला. ११ जूनला संध्याकाळी सहाला ३२ मिमी पडला, १२ जूनला सकाळी मोजला, तर तो १२ जूनचा. गावात लोक म्हणणार, ‘पाऊस तर अकराला झाला.’ त्यासाठी शेऱ्याचा रकाना ठेवा: ‘११ ला सायं. ६ ते ७.१०, वारा पश्चिमेचा’. मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या पावसाचंही तसंच आहे. सांताक्रूझचा ९४४ मिमी हा आकडा २६ च्या सकाळपासून २७ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. लोकांच्या मनात २६, नोंदीत २७. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिमी होता. एका शहरात एवढी तफावत, तर डोंगराच्या दोन बाजूंना दोन आकडे येणारच.

कोरड्या दिवशीही मापकापाशी जा आणि ० लिहा. रकाना रिकामा सोडला तर पाऊस नव्हता की माणूस नव्हता हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येणार नाही, आणि दुष्काळाच्या नोंदीत तर शून्यांनाच सगळी किंमत. चार थेंब पडून मोजण्याइतकं पाणी साचलं नाही तर ‘अंशमात्र’ लिहा, शून्य नव्हे. दोन दिवस गावाला गेलात तर आल्यावर जे साचलंय ते ‘३ दिवसांचा मिळून ४१’ असं एकत्र लिहा. तिनानं भागून वाटून टाकू नका.

मोबाइलवरच्या ॲपमधला ‘आजचा पाऊस’ बहुतेक वेळा संगणकीय अंदाज असतो, तुमच्या शिवारातलं मोजमाप नसतं. तो वहीत उतरवू नका.

कोरडवाहू_शेती

जाळीबद्दल एक सांगायचंय. पाला पडू नये म्हणून पुष्कळ जण पाइपच्या तोंडावर मच्छरजाळी ताणतात. तसं करू नका. थेंब जाळीवर आपटून फुटतो आणि बाहेर उडतो, हलक्या सरीचं पाणी जाळीलाच चिकटून वाळतं. जाळीचा छोटा गोळा नरसाळ्याच्या नळीच्या तोंडाशी ठेवा आणि आठवड्यातून एकदा काढून धुवा.

गारा पडल्या तर पाइपमध्ये अडकलेल्या गारांवर मोजून कोमट पाणी ओता, समजा २०० ग्रॅम, आणि शेवटी तेवढे वजा करा. गारेचा आकार शेऱ्यात लिहा: हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी.

वहीत नक्षत्राचा रकाना जरूर ठेवा. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, आश्लेषा २-३ ऑगस्ट, मघा १६-१७ ऑगस्ट, पूर्वा ३०-३१ ऑगस्ट, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २६-२७ सप्टेंबर. प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी याच मापात आहेत. तरणा (पुनर्वसू) कोरडा गेला, म्हातारा (पुष्य) लागला, हत्तीनं (हस्तानं) साधलं, असंच ते बोलतात. तुमच्या बेरजा नक्षत्रवार असतील तर गाव त्या वाचेल आणि चूक असेल तिथे बोलेल. माणात वही सप्टेंबरअखेर मिटू नका. रब्बी ज्वारीची पेर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे परतीचा पाऊस तुमच्यासाठी जुलैइतकाच मोलाचा.

माणदेशी_वही

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका. आमच्या मापकात ७० मिमी आला आणि मंडळाच्या केंद्रात ४० दिसला, तर मदतीसाठी आमचा आकडा धरतात का? आणि विहीर, ओल यांचं काय?

साडेआठ

धरत नाहीत. अतिवृष्टीसाठी चोवीस तासांत ६५ मिमी ही अट मंडळाच्या अधिकृत केंद्रावरच बघितली जाते. तुमची वही त्या आकड्याची जागा घेत नाही. पण पंचनाम्याची मागणी करताना आठ ठिकाणांचे आकडे, मापकाच्या चाचण्यांच्या तारखा, बांध फुटल्याचे त्याच दिवशीचे फोटो असा अर्ज तलाठी आणि कृषी सहायकांकडे दिलात तर तो नुसत्या ‘आमच्याकडे लई झाला’ पेक्षा वजनदार असतो. स्वयंचलित केंद्रातला मापक छोट्या दोलणाऱ्या पळ्यांवर चालतो. नरसाळ्यात पाला, पक्ष्याची विष्ठा किंवा मुंग्यांची माती अडकली की पाणी थेंबथेंब उतरतं आणि पाऊस कमी दिसतो. ढगफुटीसारख्या जोरात पळीला उलटायला वेळ पुरत नाही, तेव्हाही कमी दाखवतो. म्हणून शक्य असेल तर तुमच्यापैकी एक मापक केंद्राच्या जवळ, कुंपणाबाहेर मोकळ्या जागी बसवा. दोघांतला फरक सतत एकाच बाजूला राहिला तर तपासणी मागायला तो पुरावा होतो.

दुष्काळ ठरवताना मात्र गावपातळीच्या नोंदीला जास्त जागा आहे. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत आधी पावसाची तूट आणि पावसातला खंड बघतात, मग पेरणी, पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल, आणि त्यानंतर दहा टक्के गावं निवडून शेतावर प्रत्यक्ष पाहणी होते. पाहणीला माणसं येतील त्या दिवशी खंड किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होता हे बोटावर सांगता यायला हवं. खंड मोजताना २.५ मिमीच्या आतला दिवस पावसाचा धरू नका. अडीच मिमी किंवा जास्त झाला तरच पावसाळी दिवस.

आडाचं_पाणी

विहिरीसाठी वेगळा माणूस नेमा आणि आठवड्यातून एकच वार ठरवा. गावात तीन विहिरी पुरतात: एक ओढ्याकाठची, एक माळावरची, एक पिण्याच्या पाण्याची.

कठड्यावर ऑइल पेंटनं एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. काथ्याची दोरी भिजली की ताणते, म्हणून फायबरचा टेप घ्या आणि टोकाला पावशेराचं वजन बांधा. वजन पाण्याला टेकलं की आवाज येतो, तिथे वाचा. समजा टेप ७.३५ मीटर दाखवतो आणि खूण जमिनीपासून ०.९० मीटर उंच आहे, तर पाणी जमिनीपासून ६.४५ मीटर खाली. वहीत नेहमी हा दुसरा आकडा जाईल, म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींशी तुलना करता येते. त्यांची मोजणी वर्षातून चार वेळा असते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर.

यात सगळ्यात जास्त घोळ पंपामुळे होतो. शेतीची वीज रात्रीची असेल तर सकाळी तुम्ही मोजता ती उपसलेली विहीर, भूजलाची पातळी नव्हे. पंप बंद होऊन किमान सहा-सात तास झालेले असावेत. ते जमत नसेल तर ‘पहाटे ४ पर्यंत उपसा’ असा शेरा लिहा. बोअर असेल तर नोंदीला घेऊच नका. आत केबल आणि पाइपात टेप अडकतो, तो काढताना मोटर वर ओढावी लागते.

ओल दर सोमवारी, न भिजवलेल्या रानात, दोन ठिकाणी. खुरप्यानं खड्डा करून १५ आणि ३० सेंटीमीटरवरची मूठभर माती घ्या. काळ्या रानात: मूठ आवळल्यावर गोळा होतो आणि अंगठ्यानं दाबत नेला तर चपटी पट्टी निघते, म्हणजे चांगली ओल. गोळा होतो पण पट्टी तुटते, म्हणजे मध्यम. गोळा दाबला की भुगा होतो, म्हणजे ओल गेली. बरड, मुरमाड रानात पट्टी कधीच निघत नाही, तिथे हातावर ओला डाग राहतो का एवढंच बघा. दोन्ही जमिनी एका मापानं मोजल्या की माळरान कायम दुष्काळी दिसतं.

खरिपाची पेर ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय करू नये असं कृषी विभाग सांगतो. पण तो आकडा गाठला तरी खड्डा खणून बघा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पहिला जोरदार पाऊस भेगांतून खाली जातो आणि वरचा वीतभर थर मधेमधे कोरडाच राहतो.

त्याच पानावर तीन ओळी आणखी: टँकर किती खेपा, ओढा वाहतोय की डबक्यात आहे की आटलाय, आणि कडबा शेकडा काय भावानं गेला. कडब्याचा भाव चढू लागला की चाऱ्याची टंचाई विहीर आटण्याआधीच कळते.

हिवरे बाजारात गावातच पाऊस मोजतात आणि त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवतात. हिशेब सोपा आहे: १ मिमी पाऊस एका हेक्टरवर म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तुमच्या आठ ठिकाणांची सरासरी हाती आली की हा ताळेबंद तुम्हालाही मांडता येईल.

बहावा_पळस

झाडांचंही घ्या, आठवड्याला पाच मिनिटांचं काम आहे. कडुनिंब, बाभूळ, चिंच, पळस, बहावा यांतली दोन-तीन निवडा, आणि प्रत्येकाचं एकच झाड ठरवून त्याला खूण करा. कालव्याकाठचं, पाटाच्या तोंडाचं किंवा सांडपाण्यावरचं झाड घेऊ नका, त्याला दुष्काळ कळतच नाही.

देशभर २०१० पासून सीझनवॉच या उपक्रमात लोक झाडांच्या अशा नोंदी करतात. त्यांची पद्धत नवख्यालाही जमते. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, प्रत्येकासमोर तीनच पर्याय: नाही, थोडी, भरपूर. झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर असतील तर थोडी, जास्त असतील तर भरपूर. टक्केवारी लिहायला सांगितली की प्रत्येकाची वेगळी येते. झाडाचा फोटो दरवेळी एकाच दगडावर उभं राहून घ्या.

बहावा फुलला की दीड महिन्यानं पाऊस, असं म्हणतात. ते खरं धरून पेर ठरवू नका, पण दोन तारखा लिहा: पहिला घोस उमलल्याची आणि त्यानंतर २० मिमीच्या वर झालेल्या पहिल्या पावसाची. पाच-सात वर्षांत तुमच्या शिवारापुरतं उत्तर तुमच्याच वहीत असेल. मृगाचा किडा, तो लाल मखमली, पहिल्या भिजपावसानंतर ज्या दिवशी दिसेल त्या दिवसाची तारीखही लिहा.

पक्ष्यांत चातक आणि पावशा यांची गल्लत फार होते. ‘पेरते व्हा’ ओरडतो तो पावशा, करड्या रंगाचा, शिक्र्यासारखा दिसणारा. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, आणि तो मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. नुसता आवाज ऐकून चातक लिहू नका, तुरा दिसला तरच लिहा. आणि मेच्या मध्यापासून रोज ‘दिसला नाही’ लिहीत गेलात तरच ‘आज दिसला’ या नोंदीला अर्थ आहे.

माणदेशी_वही

आज पहिला पाइप कापला. आतला व्यास तीन दिशांनी १४.८, १४.९ आणि १५.० आला. आमच्यातले दोघं म्हणतात की १५ धरा, सोपं पडेल.

पर्जन्यमापी

१४.९ धरा. १४.९ × १४.९ × ०.७८५ म्हणजे १७४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १७.४ ग्रॅमला १ मिमी. बाकीचे सात पाइपही असेच मोजा, एकाच नळीतून कापलेले असले तरी. कापताना तोंड थोडं लंबगोल होतं, तिन्ही मापांत तीन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर तो तुकडा टाकून दुसरा घ्या. प्रत्येकाचा भागाकाराचा आकडा त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर पक्क्या मार्करनं लिहा, आणि कॅनवर कोरड्या कॅनचं वजन. कॅनची अदलाबदल झाली की दोन कॅनच्या वजनातल्या फरकाएवढा पाऊस कोरड्या दिवशीही दिसायला लागतो.